कल्याणम् आणि सावधान : विवाहाची तयारी करणाऱ्या साधक जोडप्यांसाठी



तंजावरात लग्नाला ‘कल्याणम्’ म्हणतात. बसमधून उतरले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ‘कल्याण मंडपम्’ अशा पाट्या दिसतात आणि महाराष्ट्रातून नव्याने आलेल्या माणसाला वाटते, की या गावात सार्वजनिक कल्याणाची केवढी सोय आहे! तमिळमध्ये त्या शब्दाचा रूढ अर्थ लग्न. आपल्या मराठीत कल्याण म्हणजे सर्वांगाने भले होणे. हे दोन अर्थ एका शब्दात एकत्र नांदतात, हे लग्न ठरलेल्या प्रत्येक मुलामुलीने दोन मिनिटे शांत बसून मनात घोळवावे. जे कार्य आपण मांडतो आहोत त्यातून कोणाचे कल्याण होणार? आपले, आई-वडिलांचे, स्वयंपाक्यांचे, की फक्त सराफाचे?

मराठी लग्नात दुसरा एक शब्द आहे, ‘सावधान’. मंगलाष्टकांच्या शेवटी तो येतो आणि त्याच क्षणी सगळे अक्षता टाकण्यात गुंतलेले असतात. तो शब्द खऱ्या अर्थाने ऐकणारे एक समर्थ रामदास, असे परंपरा सांगते; ते बोहल्यावरून निघूनच गेले. त्याच समर्थांच्या संप्रदायाचे मठ तंजावरात स्थापन झाले आणि त्यांचे चरित्र लिहिणारे भीमस्वामी ‘तंजावरकर’ म्हणूनच ओळखले जातात. गंमत अशी, की लग्नातून निघून गेलेल्या या संताने संसारी माणसाला मात्र प्रपंच टाकायला सांगितले नाही. दासबोधात प्रपंच नीट सांभाळण्याचा उपदेश आधी येतो, परमार्थ त्याच्या हातात हात घालून येतो. तेव्हा आपण बोहल्यावरून पळायचे नाही, पण सावध मात्र राहायचे. ते सावधपण मुहूर्ताच्या पाच-सहा महिने आधी सुरू व्हावे लागते.

मी वाणिज्य शाखेत शिकते आणि सेवा म्हणून अनुवाद करते. सत्संगात येणाऱ्या ताया आणि दादा लग्न ठरले की मला हमखास दोन गोष्टी विचारतात : एखादे तमिळ वाक्य मराठीत कसे सांगायचे आणि खर्चाची वही कशी ठेवायची. पुढचे सारे या दोन प्रश्नांभोवतीच आहे.

पहिला पेच तारखेचा. तंजावरची जुनी मराठी घराणी व्यंकोजीराजांच्या काळापासून इथे आहेत. १८५५ मध्ये राज्य संपले, माणसे राहिली. या घरातल्या मुलीचे स्थळ पुण्याचे किंवा साताऱ्याचे असले, की दोन पंचांगे समोरासमोर येतात. तमिळ महिने सूर्याच्या गतीवर चालतात, आपले चंद्राच्या. इकडे आडी महिना, म्हणजे साधारण मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट, आणि मार्गळी, म्हणजे मध्य डिसेंबर ते मध्य जानेवारी, लग्नाला घेत नाहीत. आडी संपून आवणी लागला, की मात्र मंडप भरू लागतात. तिकडे त्याच दिवसांत आपला चातुर्मास चालू असतो आणि महाराष्ट्रातली आजी म्हणते, “तुळशीचे लग्न होऊ दे आधी.” अधिक महिन्याचेही तसेच. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. इकडचा वैकासी महिना जवळजवळ त्याच दिवसांत येतो आणि वैकासी हा इथला लग्नांचा महिना.

यावर भांडण करू नये. दोन्ही पंचांगांना चालतील असे काळ असतात : तुळशीविवाहानंतरचे, मार्गळी लागण्यापूर्वीचे तीन-चार आठवडे, किंवा तै महिना लागल्यावर पौष संपला, की पुढचे दिवस. दोन्हीकडच्या गुरुजींनी फोनवर एकमेकांशी बोलावे, मध्ये वडीलधाऱ्यांनी निरोप्याचे काम करू नये. निरोप पोहोचेपर्यंत ‘आमच्यात चालत नाही’चे ‘त्यांना आमचे काही मान्यच नाही’ होते. तारीख धरताना आकाशाकडेही बघा. कावेरीच्या या खोऱ्यात मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतो, ईशान्य मोसमी वाऱ्याबरोबर. नोव्हेंबरचा मुहूर्त असेल तर गाड्या रद्द होऊ शकतात हे गृहीत धरून महाराष्ट्रातल्या वऱ्हाडाला किमान एक दिवस आधी बोलवा. विमानाने येणाऱ्यांना तिरुचिरापल्लीला उतरून पुढे रस्त्याने यावे लागते. ज्येष्ठांची ती दमछाक वेळापत्रकात धरली आहे का?

आणि मुहूर्ताची वेळ! इथले मुहूर्त पहाटेचे, सकाळचे. आपल्याकडचे काका गोरज मुहूर्ताच्या हिशेबाने झोपतात आणि उठेपर्यंत मंगळसूत्र बांधून झालेले असते. मंडप बहुधा आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या दुपारपर्यंत मिळतो, म्हणून साखरपुडा आणि स्वागतसमारंभ आदल्या रात्रीच उरकतात. पत्रिकेत मुहूर्ताची वेळ ठळक छापा.

आता पैशाकडे येते. अध्यात्माच्या लेखात पैसा कशाला, असे कोणाला वाटेल. सप्तपदी आठवा. पहिले पाऊल अन्नासाठी, दुसरे बळासाठी आणि तिसरे धनासाठी आहे. ज्या ऋषींनी अग्नीच्या साक्षीने धनाचे नाव घ्यायला संकोच केला नाही, त्यांच्यापेक्षा आपण जास्त सोवळे होण्याचे कारण नाही. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात पोथ्या आहेत तशा राजदरबाराच्या मोडी कागदांच्या थप्प्याही आहेत. राजाच्या घरी खर्च लिहून ठेवत होते, आपण तर नोकरदार माणसे.

लग्नाआधी दोघांनी एक संध्याकाळ राखून ठेवा. पाच मिनिटे ध्यान करा आणि मग एक साधी वही मध्ये घ्या. डाव्या पानावर प्रत्येकाने आपला पगार, बचत आणि विमा लिहावा. उजव्या पानावर कर्ज. शिक्षणाचे कर्ज, भावाच्या नावाने घेतलेले पण आपण फेडत असलेले कर्ज, क्रेडिट कार्ड, सगळे. त्याखाली आई-वडिलांच्या औषधांचा महिन्याचा खर्च. हे पान दाखवायला लाज वाटते, मला माहीत आहे. पण माझ्या ओळखीच्या एका ताईला नवऱ्यावर मोठे कर्ज असल्याचे लग्नानंतर चौथ्या महिन्यात, बँकेच्या फोनवरून कळले. कर्ज फार काळ छळत नाही, फिटते. “मला का सांगितले नाही?” हा प्रश्न मात्र त्यांच्या घरात अजून संध्याकाळी जेवायला बसतो. सप्तपदीचे सातवे पाऊल सख्याचे आहे, आणि सख्य हवे तर उजवे पान दाखवावे लागते.

सोन्याबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण दोन प्रांतांच्या सोयरिकीत सर्वांत जास्त गैरसमज इथे होतात. इकडे सोने पवुनात मोजतात. एक पवुन म्हणजे ८ ग्रॅम. महाराष्ट्रात सराफ तोळा १० ग्रॅमचा धरतात. बैठकीत कोणी नुसते “वीस” म्हणाले आणि एकाने पवुन समजले, दुसऱ्याने तोळे, तर १६० ग्रॅम आणि २०० ग्रॅम असा ४० ग्रॅमचा फरक पडतो. म्हणून बोलणे ग्रॅममध्ये करा. त्याहून बरे म्हणजे, ‘मुलीला किती घालणार’ हे बोलणेच करू नका. सोन्याची मागणी हुंड्याच्या व्याख्येत येते आणि १९६१ च्या कायद्याने हुंडा देणे-घेणे, मागणे गुन्हा आहे. साधकाच्या घरी तर कायद्याच्या आधी मनाने नको म्हणायला हवे. मुलाने हे वाक्य स्वतः उच्चारावे. “आई-बाबांना मी काय सांगणार” म्हणून तो गप्प बसला, तर त्याच्या ध्यानधारणेचा उपयोग काय, हे मला कळलेले नाही.

आई-वडील प्रेमाने दागिने घालतीलच, ते घालू द्या. मात्र दुकानात तीन गोष्टी वेगळ्या विचारा : सोन्याचा भाव, घडणावळ आणि घट. इथले सराफ घडणावळीला ‘सेय्कूली’ आणि घटीला ‘सेदारम’ म्हणतात. दोन पवुनांच्या, म्हणजे १६ ग्रॅमच्या हारावर बारा टक्के सेदारम लावले, तर जवळजवळ दोन ग्रॅम सोन्याचे पैसे जातात, आणि उद्या हार मोडायची वेळ आली तर ते परत मिळत नाहीत. भारी नक्षीला घट जास्त. साधी घडण घेतली तर तेवढ्याच पैशात सोने जास्त येते. हॉलमार्कचा सहा अक्षरांचा क्रमांक बिलाशी ताडून घ्या. मुलीला जे मिळाले त्याची यादी करून दोघांच्या सह्या घ्या; भेटींच्या अशा याद्या ठेवाव्यात असे १९८५ चे नियम सांगतात. ते स्त्रीधन आहे, म्हणजे तिचेच. या भागात शेतीच्या हंगामाला दागिने गहाण टाकण्याची पद्धत घरोघर आहे. सुनेचे दागिने गहाण टाकायचे असतील तर आधी तिला विचारावे.

आहेराचेही इथे शास्त्र आहे. त्याला ‘मोय’ म्हणतात. मंडपात टेबल मांडून कोणी किती दिले हे वहीत लिहितात आणि पुढे त्यांच्या घरच्या कार्यात ते परत करायचे असते, शक्यतो थोडे वाढवून. तंजावर जिल्ह्यातच पेरावूरणीकडे तर केवळ मोय गोळा करण्यासाठी आडी महिन्यात जेवणावळी होतात. पाटी लावून आहेर नाकारण्याची सवय असलेल्या मराठी माणसाला हे विचित्र वाटते, पण एकमेकांना हात देण्याची ती जुनी सोय आहे. फक्त हिशेबाच्या वहीत मोय जमेच्या बाजूला लिहू नका. ते देणे आहे. मोयच्या भरवशावर मंडपवाल्याला आगाऊ रक्कम देणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

जेवणाचा खर्च दोन्ही भाषांत पानावर मोजतात, इकडे खरोखरच केळीच्या पानावर. पाचशे पाने सांगितली आणि साडेतीनशे माणसे आली, तरी पैसे पाचशेचे. न्याहारीला येणारे, दुपारी थांबणारे आणि आदल्या रात्रीचे अशा तीन याद्या वेगळ्या करा. तंजावरच्या राजांनी रामेश्वराच्या वाटेवरच्या यात्रेकरूंसाठी छत्रे बांधली होती. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्रम दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळातले, अजून उभे आहे. तिथे जेवणाऱ्याला आमंत्रण लागत नसे. आपल्या पाचशे पानांतली पंचवीस पाने निमंत्रण नसलेल्यांसाठी मुद्दाम धरावीत, आणि ती आधी वाढावीत. उरलेले नेऊन देणे आणि आधी वाढणे यात फरक आहे. स्वयंपाकी, नादस्वरम आणि तविल वाजवणारे, फुलवाले यांनाही वेळेवर जेवायला बसवा. पहाटे तीनपासून ते उभे असतात.

भाषेचे काय? तंजावरचे शहाजीराजे, ज्यांनी १६८४ ते १७१२ राज्य केले, त्यांच्या नावावर ‘पंचभाषाविलास’ नावाचे एक नाटक आहे. निरनिराळ्या प्रांतांच्या राजकन्या श्रीकृष्णाला वरायला येतात आणि प्रत्येक जण आपापल्या भाषेत बोलते : तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी, आणि जोडीला संस्कृत. तीनशे वर्षांपूर्वी या गावाने पाच भाषांचे लग्न रंगमंचावर लावले. आपल्याला दोन भाषांचे लावायचे आहे. विधींचा अर्थ दोन्ही भाषांत एका कागदावर छापून पाहुण्यांना द्या. ऊंजल, म्हणजे वधूवरांना झोपाळ्यावर बसवणे, का करतात हे सातारच्या मावशीला कळू द्या. अंतरपाट का धरतात हे इकडच्या पाट्टीला कळू द्या. तंजावरची मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे हसतात, ते त्यांना आधीच प्रेमाने सांगून बंद करा. दहा पिढ्या तमिळ मुलखात राहून ज्यांनी घरात मराठी टिकवली, त्यांच्या बोलण्याला हसायचे की त्यांना नमस्कार करायचा?

साधनेविषयी दोघांनी आधीच बोलून घ्या. एक जण पहाटे साडेचारला उठून साधना करणारा आणि दुसरा रात्री एकपर्यंत कामाच्या कॉलवर असणारा, अशी जोडी आता नवी नाही. आपला नियम दुसऱ्यावर लादू नका, आणि दुसऱ्यासाठी आपला नियम सोडूही नका. सोय करा, वेगळी खोली, मंद दिवा, एवढे पुरते. लग्नाच्या धावपळीतही रोजची वीस मिनिटे कोणालाही देऊ नका, फोटोवाल्यालाही.

नोंदणीचे काम कोणाकडे हे ठरवून ठेवा. तमिळनाडूच्या २००९ च्या विवाह नोंदणी कायद्याप्रमाणे लग्नानंतर ९० दिवसांत नोंदणी करायची असते. पत्रिका, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, छायाचित्रे आणि साक्षीदार लागतात. साक्षीदार महाराष्ट्रातून आलेले मामाच हवेत असा हट्ट असेल, तर त्यांचे परतीचे तिकीट त्याप्रमाणे काढा.

शेवटी पहिल्या वर्षाच्या रजा. इकडे पहिल्या आडी महिन्यात मुलीला माहेरी आणतात आणि आडीच्या अठराव्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या दोन-तीन तारखेला, नवी जोडपी तिरुवैयारूला कावेरीवर जाऊन मंगळसूत्राचा पिवळा दोरा बदलतात. आपला श्रावण त्याच सुमारास लागतो आणि सासरी पहिली मंगळागौर ठरलेली असते. दोन्हीकडच्या आयांना आत्ताच एकत्र फोन लावा आणि कोणता मंगळवार कोणाचा, ते ठरवून टाका. ऑफिसात रजेचा अर्ज जूनच्या आत गेला पाहिजे.