भीती बाहेरच्यांची, छळ वर्गातल्यांचा

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, फेसबुक, टिकटॉक अशा समाजमाध्यमांवर खातं ठेवता येत नाही. तेव्हापासून आपल्याकडे सातवी-आठवीतल्या मुलांच्या ऑनलाइन छळाचा विषय निघाला, की पालकांची चर्चा एकाच मागणीपाशी थांबते: इथेही बंदी आणा, तोवर घरी फोन काढून घ्या. त्यामागची काळजी खरी आहे. निदान मात्र चुकलं आहे.

त्या बंदीतून व्हॉट्सअ‍ॅपसारखी निरोपांची अ‍ॅप्स वगळलेली आहेत. आपल्याकडे वर्गातला छळ चालतो तो बहुतेकदा तिथेच, मुलांनी स्वतः काढलेल्या ‘७ वी ब’च्या ग्रुपवर. एखादीच्या चेहऱ्याचा स्टिकर बनवायचा, तिनं विश्वासानं लिहिलेल्या मेसेजचा स्क्रीनशॉट फिरवायचा, तिला वगळून उरलेल्यांचा नवा ग्रुप काढायचा. याला कुणी अनोळखी माणूस लागत नाही. शेजारच्या बाकावरची मैत्रीण पुरते.

समजा, घेतला फोन काढून. स्टिकर बाकीच्या सगळ्या फोनांत तसाच राहतो. सोमवारी वर्गात शिरताना मुलं का हसतात, एवढंच तिला आता कळत नाही. फोन आधी दिलाच नसता तर हे घडलं नसतं, असं म्हणणाऱ्यांनी हेही पाहावं, की स्टिकर बनवायला तिच्याकडे फोन असावा लागत नाही. सहलीतला एक फोटो कुणाकडे तरी असला की झालं. शिवाय घरी सांगितलं तर फोन जाणार, हे मुलांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून ती सांगत नाहीत. ज्या उपायानं मूल आईबापांपासूनच लपायला शिकतं, त्याला संरक्षण कसं म्हणायचं?

‘आमच्याही वेळी चिडवायचेच की’ या युक्तिवादाला उत्तर एवढंच, की तेव्हा शाळा सुटली की चिडवणंही सुटायचं. आणि कडक कायदा मागणाऱ्यांनी आठवावं, की माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६अ कलमाखाली २०१२ साली पालघरमध्ये एका फेसबुक पोस्टवरून दोन तरुणींनाच अटक झाली होती.

मला धोका आणि अपमान यांतला फरक मोलाचा वाटतो. धोका बाहेरून येतो. त्याला कुलूप, पासवर्ड, वयाची अट काही प्रमाणात अडवू शकतात. अपमान मात्र ज्यांच्या मताला आपल्या लेखी किंमत आहे त्यांच्यासमोरच होतो, आणि बाराव्या-तेराव्या वर्षी ती किंमत वर्गाइतकी दुसऱ्या कुणाच्याच मताला नसते. शालेय छळाचा पद्धतशीर अभ्यास नॉर्वेत ज्यांनी रुजवला त्या डॅन ओल्वेयस यांनी छळाची तीन लक्षणं सांगितली: हेतू, बळातली तफावत आणि पुनरावृत्ती. ऑनलाइन छळात पहिला मेसेज एकजण टाकतो. पुनरावृत्ती मात्र तो पुढे पाठवणारे, त्यावर हसरा चेहरा टाकणारे करतात. प्रेक्षक इथे छळाचाच भाग असतात.

या प्रेक्षकांचे पालक मात्र चर्चेत कुठेच नसतात. तक्रार आली की शाळा दोन घरांना बोलावते, माफीनामा लिहून घेते आणि प्रकरण मिटवते. उरलेल्या घरांना वाटतं, आपल्या मुलानं काही केलं नाही, त्यानं नुसतं पाहिलं. पालकसभा या घरांची व्हायला हवी. तिथे मुलीचं नाव न घेता, कुणालाही शिक्षा न करता, प्रत्येक घरानं मुलाबरोबर बसून तो स्टिकर आपल्या फोनमधून काढून टाकायचा आणि तो आला तेव्हा मूल गप्प का राहिलं, हे त्याच्याकडून ऐकून घ्यायचं.