दोन वह्या

दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजन आटोपल्यावर पुतण्या म्हणाला, "काका, आत्याआजीनं दुकान नाही, धर्मशाळा चालवली. सगळा कारभार विश्वासावर!" त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. तरी ते वाक्य मला चार दिवस टोचत राहिलं.

माझी मोठी आत्या नवरा गेल्यावर माहेरी आली आणि बारामती तालुक्यातल्या आमच्या घराच्या ओसरीवर तिनं किराणा मांडला. तीस वर्षं चालवला. मापात मारू नये, गिऱ्हाइकाशी नीट बोलावं, हे धडे कुठल्याही घरातलं वडीलधारं माणूस देतं. मला बोलायचं आहे ते तिच्या उधारीबद्दल.

उधार आणि कर्ज हे शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो. मी ते कायम वेगळे मानत आलो. कर्ज देणारा वेळ विकतो, उधार देणारा वेळ देतो. 1972 च्या दुष्काळात गावातली माणसं खडी फोडायला जात आणि मजुरी हातात पडायला उशीर होई. त्या दिवसांत आत्यानं ज्वारी, मीठ, गोडेतेल उधार दिलं. व्याज घेतलं नाही. विडी-तंबाखू मात्र रोखीनंच. "पोटाला उधार, नादाला रोख," हा तिचा नियम. आणि दुसरा: "बुडालं तरी रात्री झोप लागंल, एवढंच द्यायचं." धर्मशाळेत असे नियम नसतात, हे मी पुतण्याला ठासून सांगितलं.

तो म्हणाला, "पण विश्वास मोजता येत नाही. माझ्या ॲपमध्ये तारीख, रक्कम, आठवण, सगळं आहे." यात तथ्य होतं. सुगी झाली की वसुलीसाठी उन्हातान्हात दारोदार फिरणारी आत्या मी पाहिली आहे. ती पायपीट वाचली तर चांगलंच. तरीही मला वाटत होतं की उधारीतला माणुसकीचा भाग यंत्रात उतरणार नाही.

पण उधार खरंच इतकी निर्मळ असते का? आमच्या गावापासून सुपं लांब नाही. 12 मे 1875 रोजी तिथल्या बाजारात शेतकरी सावकारांवर तुटून पडले. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले होते, साऱ्याचा बोजा मात्र वाढलेला होता. लोकांना सगळ्यांत आधी हवे होते कर्जरोखे आणि हिशोबाच्या वह्या. त्यांनी त्या जाळल्या. दंगा आसपास पसरला, तिथंही रोख मुख्यतः कागदांवरच होता. त्या सावकारांत कितीतरी जण दुकानदारही होते. म्हणजे जळालेल्या वह्यांत धान्याची, कापडाची उधारीही असणार. देताना उधार, लिहिताना कर्ज. मी इतकी वर्षं जपलेला फरक इथं टिकेना.

मग फरक कुठं होता? चार वर्षांनी, 1879 साली, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्यात ऋणको शेतकऱ्याला पावती, वर्षाचा हिशोब आणि पासबुक मागण्याचा हक्क मिळाला. दुखणं व्याजाचं होतं तसंच एकाच हातात असलेल्या वहीचंही होतं.

आत्याला हा कायदा ठाऊक असणं शक्य नाही. पण तिच्या प्रत्येक उधारीच्या दोन वह्या असत. एक दुकानात, दुसरी गिऱ्हाइकाच्या घरी खुंटीला. आकडा दोन्हींत पडे आणि ज्याला वाचता येत नसे त्याला ती मोठ्यानं वाचून दाखवी. घरातलं पोर शाळेत जात असेल तर त्याच्याकडून वाचून घेई. मी सातवीत असताना एका घरच्या दोन्ही वह्यांत पावणेदोनच्या जागी दोन रुपये लिहिले. त्याच संध्याकाळी माझा हात धरून ती त्या घरी गेली. म्हणाली, "आपली वही चुकली तर निस्तरता येतं. त्यांची चुकता कामा नये."

म्हणून आता मला वाटतं, पुतण्या चुकला आणि मीही चुकलो. आत्याचा धंदा विश्वासावर नव्हता. तिनं कुणाला विश्वास ठेवायला सांगितलंच नाही, पडताळून बघायला सांगितलं. विश्वास त्यानंतर आपसूक आला.

हे सांगितल्यावर पुतण्यानं फोन पुढं केला. "प्रत्येक नोंदीचा मेसेज गिऱ्हाइकाला जातो, काका. दुसरी वही हीच की." मला ते मान्य करावं लागलं. वही कागदाची की फोनमधली, हा प्रश्नच नाही. ज्या म्हातारीला मेसेज वाचता येत नाही, तिला तो वाचून दाखव, एवढंच मी त्याला म्हणालो.

दुकान, दवाखाना, पतपेढी, तुम्ही काहीही चालवत असा. हिशोब लिहून झाला की वही समोरच्याकडे फिरवा आणि त्याला कळेपर्यंत थांबा.