एकाच्या खांद्यावरची अमानत

जनाज्याची नमाज फर्जे किफाया आहे. वस्तीतील काहींनी ती अदा केली की इतरांची जबाबदारी उतरते. कोणीच न केल्यास सर्व दोषी ठरतात. सामूहिक उपयोगाच्या इतर कामांत मात्र ‘कोणीतरी करतोच आहे’ एवढ्यावर आपले समाधान होते.

‘एक्सझेड’ हे फायलींचा आकार कमी करणारे छोटेसे सॉफ्टवेअर लिनक्सवर चालणाऱ्या असंख्य संगणकांत असते. वर्षानुवर्षे त्याची देखभाल मुख्यतः एकच माणूस फावल्या वेळात, विनामोबदला करीत होता. २०२२ साली त्याने आपले मानसिक स्वास्थ्य ठीक नसल्याचे सांगितले. तरी कामाच्या दिरंगाईबद्दलचा तगादा थांबला नाही. (हा तगादाही कटाचाच भाग असावा, असा संशय आहे.) त्याच काळात एक अनोळखी मदतनीस पुढे आला. नेटाने काम करून त्याने विश्वास आणि अधिकार मिळवला आणि २०२४च्या प्रारंभी त्यात चोरदरवाजा बसवला. एका अभियंत्याला लॉगिन करताना अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला, म्हणून मार्चअखेरीस तो उघडकीस आला.

फसवणाऱ्याचा गुन्हा स्पष्टच आहे. प्रश्न लाभ घेणाऱ्यांचा आहे, आणि त्यांत धनाढ्य कंपन्याही आल्या. किफाया म्हणजे पुरेसे होणे. एक थकलेला माणूस पुरेसा नव्हता. तेव्हा इतरांची जबाबदारी उतरली होती, असे मला म्हणवत नाही.

आपल्या मशिदीच्या संकेतस्थळावर नमाजच्या वेळा अद्ययावत ठेवणारा मुलगाही बहुधा एकटाच असतो. वेळ चुकली की त्याला फोन जातो. एरवी कोण करतो?