मध्येच तुटलं तर?



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३७ ते ४०.

अर्जुन इथे जे विचारतो ते आपल्यापैकी कुणीही विचारलं असतं. श्रद्धा आहे, सुरुवातही केली, पण मध्येच सगळं तुटलं तर? फाटलेल्या ढगासारखी गत होणार का, ना इकडचा ना तिकडचा?

घरात ब्रेन ट्यूमरचा पेशंट असेल तर हा प्रश्न रोजचाच. ग्लिओब्लास्टोमा म्हटलं की साधारणपणे ऑपरेशन, मग सहा आठवडे रेडिएशन, सोबत टेमोझोलोमाइडच्या गोळ्या, आणि पुढे दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय. दोन एमआरआयच्या मधले दिवस कसे जातात ते ज्याचं त्यालाच ठाऊक. हा ट्यूमर बहुतेक वेळा परत येतो. रात्री दोनला मोबाइलवर 'मीडियन सर्व्हायव्हल' शोधून कुणालाच झोप लागलेली नाही. (तरी इंजिनिअर म्हणून सांगतो, मीडियन म्हणजे शेवटची तारीख नव्हे, निम्मे लोक त्याच्या पुढेही जगतात.)

आमच्याकडे बाबा आहेत. ट्यूमर कपाळामागे, फ्रंटल लोबमध्ये. स्वभाव, संयम सांभाळणारा हाच भाग. आयुष्यात कधी आवाज न चढवलेला माणूस आता वरणात मीठ कमी म्हणून ताट ढकलतो. मेंदूची सूज उतरवायला डेक्सामेथासोन चालू आहे, त्याने झोप उडते आणि भूक खवळते. मग पहाटे तीनला मी दूध-पोळी कुस्करून भरवतो.

अशा वेळी कुणी "विश्वास ठेव, सगळं ठीक होईल" म्हटलं की मला खरंच पटत नाही. श्रीकृष्णही इथे तसं म्हणत नाहीत. काम पुरं होईलच, असा शब्द ते देत नाहीत. चांगलं करणाऱ्याचं वाईट होत नाही, या लोकी नाही आणि परलोकीही नाही, एवढंच सांगतात. मला तेवढं पुरतं. रिपोर्ट काहीही येवो, भरवलेला घास वाया गेला असं कुणी म्हणू शकत नाही.

आणि हे सांगताना 'पार्थ'सोबत ते आणखी एक हाक मारतात : 'तात'. संस्कृतात तात म्हणजे वडील, आणि मायेने लेकरालाही तात म्हणतात. पहाटे तीनला आमच्या स्वयंपाकघरात हा शब्द नेमका कुणाला लागू, देव जाणे.

ज्यांच्या घरी असं आजारपण आहे त्यांनी आज पूर्ण अध्याय नाही वाचला तरी चालेल. चाळिसावा श्लोक वाचा, पेशंटजवळ तासभर दुसऱ्या कुणाला बसवा आणि झोपून घ्या.

उद्या : श्लोक ४१ ते ४४.