उंबरठ्यावर मागितलेले गुण

2025 चा दहावीचा निकाल लागला तेव्हा राज्यात 211 मुलांना शंभर टक्के मिळाले, त्यातली 113 मुले एकट्या लातूर विभागातली. हे टक्के उत्तम पाच विषयांच्या बेरजेवर निघतात आणि त्या बेरजेत कला-क्रीडेचे वाढीव गुणही धरलेले असतात. इंटरमिजिएट चित्रकलेची श्रेणी, शास्त्रीय नृत्य-गायनाच्या परीक्षा, लोककलेचे सादरीकरण, जिल्हा किंवा राज्य पातळीवरचा खेळ अशा सगळ्यांचे प्रस्ताव शाळांमार्फत मंडळाकडे जातात. पुढे अकरावीच्या गुणवत्ता यादीत एका दशांशाने महाविद्यालय बदलते. मोठ्या शहरांतल्या महागड्या खासगी शाळांत हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. तिथे नववीच्या किंवा अकरावीच्या प्रवेशासाठी प्रमाणपत्रांची फाइल लागते आणि तीत तबला, बुद्धिबळ, रोबोटिक्स, समाजसेवेचे तास असे सारे असावे लागते. मराठीत ‘गुण’ हा शब्द अंगच्या चांगुलपणासाठी आणि परीक्षेतल्या आकड्यासाठीही वापरतात. दोन्ही अर्थ इतके दिवस शेजारी राहत होते. आता पहिला अर्थ दुसऱ्याच्या कामाला जुंपला गेला आहे आणि या प्रकाराला आपण ‘सर्वांगीण विकास’ म्हणतो. हे नाव चुकीचे आहे, आणि ते चुकले कसे हे समजायला त्या कल्पनेचा प्रवास पाहावा लागतो.

सुरुवातीची कहाणी बहुतेकांना ठाऊक आहे. इंग्रजी निवासी शाळांतल्या खेळांचे श्रेय रग्बी शाळेच्या थॉमस अर्नोल्डला दिले जाते, पण त्याला स्वतःला खेळात फारसा रस नव्हता. खेळांना शिस्तीचे रूप दिले ते मार्लबरोच्या जॉर्ज कॉटनने. हाच पुढे कलकत्त्याचा बिशप झाला आणि शिमल्याच्या, नागपूरच्या शाळांना त्याचे नाव लागले. अपिंगमच्या एडवर्ड थ्रिंगने 1859 मध्ये शाळेत व्यायामशाळा बांधली आणि संगीताला मानाचे स्थान दिले. पुस्तकात मागे पडलेल्या मुलालाही जिथे मान वर करता येईल अशी एखादी जागा शाळेत असावी, हा त्याचा आग्रह होता. आपल्याकडे रवींद्रनाथांनी 1901 मध्ये शांतिनिकेतनात शाळा काढली, औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार आणले, ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडला मुलांच्या हातांना काम दिले. ही माणसे आणि त्यांच्या प्रेरणा अगदी भिन्न होत्या. कॉटनच्या खेळांमागे साम्राज्याला हवी असलेली शिस्त होती, ताराबाईंच्या कामामागे आदिवासी मुलाबद्दलची माया. तरी एका बाबतीत सगळे सारखे होते. खेळ, गाणे, चित्र ही शाळेने मुलाला द्यायची गोष्ट होती. दारात आलेल्या मुलाला ‘तू काय वाजवतोस?’ असे त्यांच्यापैकी कोणी विचारत नव्हते.

तो प्रश्न पहिल्यांदा गंभीरपणे विचारला गेला अमेरिकेत, 1920 च्या दशकात, आणि या वळणाचाच अर्थ मला सर्वत्र चुकीचा लावलेला दिसतो. हार्वर्डचे अध्यक्ष अ‍ॅबट लॉरेन्स लॉवेल यांनी 1911 मध्ये प्रवेशपरीक्षेची नवी पद्धत आणली. जुन्या पद्धतीत ठरावीक खासगी शाळांच्या अभ्यासक्रमाला झुकते माप होते. नव्या पद्धतीमुळे सरकारी शाळांतल्या हुशार मुलांना दार उघडले आणि त्यातून पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू स्थलांतरितांची मुले मोठ्या संख्येने आत आली. 1922 पर्यंत पहिल्या वर्षात त्यांचे प्रमाण सुमारे एक पंचमांश झाले. लॉवेलना ते खटकले. त्यांनी उघडपणे 15 टक्क्यांची मर्यादा सुचवली, पण 1923 मध्ये प्राध्यापकांच्या समितीने ती नाकारली. मग 1926 मध्ये प्रवेशसंख्या एक हजारावर बांधली गेली आणि निवडीत ‘चारित्र्य’, नेतृत्व, व्यक्तिमत्त्व यांना वजन आले. अर्जावर छायाचित्र लागू लागले, मुलाखतीचे महत्त्व वाढले. आधीच्या अर्जांत आईचे माहेरचे आडनाव आणि कुटुंबाने नाव बदलले आहे का, हेही विचारले जात होते. लॉवेल अध्यक्षपदावरून गेले त्या 1933 सालापर्यंत ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण बरेच खाली आले होते.

या घटनेचे दोन अर्थ प्रचलित आहेत. पहिला भाबडा: परीक्षेच्या पलीकडे माणूस बघण्याची ही सुरुवात होती. जेरोम काराबेल यांच्या 2005 च्या ‘द चोझन’ या ग्रंथानंतर तो टिकत नाही, कारण लॉवेल यांच्या पत्रव्यवहारातच हेतू स्पष्ट आहे. दुसरा अर्थ याच संशोधनातून निघाला: सारे ज्यूद्वेषाने घेतलेले सोंग होते, द्वेष ओसरला की पद्धत निर्दोष झाली. मला हा दुसरा अर्थ जास्त घातक वाटतो, कारण तो दोष माणसांच्या मनात शोधतो आणि रचनेला सोडून देतो. रचनेत झालेला बदल असा. आतापर्यंत जे शाळेचे देणे होते ते विद्यार्थ्याचे आणणे झाले. ग्रोटनसारख्या निवासी शाळेतल्या मुलाला मैदान, प्रशिक्षक, नाटकमंडळ आणि शिफारस करणारे मुख्याध्यापक आयते मिळत. बॉस्टनच्या वस्तीतला मुलगा शाळा सुटली की बापाच्या दुकानात बसे. त्याच्यात उणीव नव्हती, त्याला मिळाले नव्हते. निवडीच्या टेबलावर मात्र ‘मिळाले नाही’ याचे भाषांतर ‘अंगात नाही’ असे झाले. लॉवेलच्या जागी अत्यंत निःपक्षपाती माणूस बसवला असता तरी हे भाषांतर चुकलेच असते.

नंतरचा इतिहास याचीच साक्ष देतो. हार्वर्डची ही पद्धत वंशाधारित प्रवेशांविषयीच्या 1978 च्या ‘बाकी’ (Bakke) खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पॉवेल यांनी आदर्श म्हणून दाखवली, म्हणजे वगळण्यासाठी घडवलेले साधन सामावून घेण्यासाठी वापरले गेले, आणि काही काळ त्याने तेही काम केले. पण 2023 मध्ये त्याच न्यायालयाने ज्या खटल्यात वंशाधारित प्रवेश रद्द केले, त्याच्या कागदपत्रांतून एक वेगळी गोष्ट बाहेर आली. आशियाई वंशाच्या अर्जदारांना अभ्यासात आणि अभ्यासेतर कामगिरीतही इतरांपेक्षा वरचे मूल्यांकन मिळत होते, कमी पडत होते ते ‘व्यक्तिमत्त्वा’च्या रकान्यात. व्हायोलिन शिकले, वादविवाद जिंकले, तरी मोजमाप पुढच्या पायरीवर गेले. ज्याचे माप दाराशी बसलेल्याच्या हातात आहे, ते कितीही आणले तरी पुरत नाही.

आपला कायदा या बाबतीत अधिक शहाणा आहे, याची मात्र चर्चा होत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 ने प्रवेशाच्या वेळी मुलाची वा पालकांची चाळणी लावण्यास बंदी घातली. त्याच कायद्याच्या परिशिष्टात शाळेला खेळाचे मैदान हवे, आणि सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुले असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक हवेत, असे लिहिले आहे. मागू नका आणि द्या, या दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात आहेत. आठवी संपली की दोन्ही बंधने सुटतात, आणि नेमके तिथूनच प्रमाणपत्रांची फाइल सुरू होते.

प्रवेशात कला-क्रीडेचे गुण मोजू नयेत, या म्हणण्याला दोन आक्षेप घेतले जातील आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की नुसते गुणही विकतच मिळतात. लातूर काय, पुणे काय, शिकवण्यांचा धंदा कोणाला ठाऊक नाही? मग कबड्डीत तरबेज असलेल्या खेड्यातल्या मुलीला तिच्या खेळाने अकरावीचे दार उघडले तर बिघडले कुठे? तिच्यासाठी ते उघडावेच. पण लिहिणे-वाचणे शिकवायला निदान प्रत्येक गावात सरकारने कोणीतरी नेमलेले असते. कथक किंवा टेनिस शिकवायला नसते, म्हणून तिथे घरची ऐपत अधिक उघडपणे बोलते. शिवाय जिथे खेळच शिकवायचा आहे तिथे तो पारखणे प्रामाणिक आहे. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनी शारीरिक क्षमतेच्या चाचण्या घेऊन मुले निवडतात आणि निवडल्यावर राहण्या-खाण्यापासून प्रशिक्षणापर्यंतचा भार स्वतः उचलतात. विज्ञान शाखेच्या जागेसाठी भरतनाट्यमचे प्रमाणपत्र मोजणाऱ्या महाविद्यालयाने ते आणणाऱ्या मुलीला पुढे नाचायला तासभरही द्यायचा नाही, हे त्याहून फार वेगळे आहे.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा आहे आणि तो अनुभवातून आलेला असतो. वाढीव गुण काढले तर पालक दहावीच्या वर्षी मुलाच्या हातातून ब्रश काढून घेतील, आणि आधीच दुबळा असलेला कलेचा तास वेळापत्रकातून पुसला जाईल. ही भीती खरी आहे. पण एलिमेंटरी-इंटरमिजिएट या परीक्षा दहावीच्या गुणांशी जोडल्या जाण्याच्या कितीतरी आधीपासून होत आहेत. चित्रकलेच्या शिक्षकाने सांगितले म्हणून जलरंगांची पेटी घेऊन केंद्रावर जाणाऱ्या मुलांच्या पिढ्या महाराष्ट्रात होऊन गेल्या, आणि त्यांना बदल्यात काही मिळणार नव्हते. त्यांना तिथवर नेले ते शाळेतल्या त्या एका पगारी माणसाने. गुणांनी त्याची जागा घेतली आहे, आणि प्रस्ताव भरून पाठवला की शाळेने कला शिकवल्यासारखे वाटू लागले आहे. म्हणून माझी मागणी गुण बंद करण्यापुरती थांबत नाही. परिशिष्टातली निदेशकांची तरतूद नववी-दहावीपर्यंत वाढवावी, आणि प्रवेशअर्जातला प्रमाणपत्रांचा रकाना उलट बाजूने भरावा: चित्र, संगीत, खेळ शिकवायला शाळेत कोण आहे, आठवड्याला किती तास आणि मैदान कुठे, हे शाळेने लिहून पालकाच्या हातात द्यावे.