याले माणसं किती लागते?

बंगळुरूतल्या आमच्या घराच्या गच्चीवर सोलर पॅनेल बसवली, तेव्हा बाबा पाहायला वर आले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका कोळसाखाणीत त्यांची ३२ वर्षं गेली. त्यांनी काचेवरून हात फिरवला, वाकून खालच्या तारा पाहिल्या आणि विचारलं, "याले माणसं किती लागते?"

"एकही नाही. महिन्यातून एकदा पाणी मारायचं, बस."

ते काही बोलले नाहीत. किती युनिट मिळतात, पैसे किती वर्षांत फिटतात, हे शेजाऱ्यांनी विचारलं होतं. बाबांचा प्रश्न तिसराच होता आणि तो माझ्या मनातून जाईना.

माझी शाळा, माझं कॉलेज, या घराचा पहिला हप्ता, सगळं कोळशातून आलं. त्यामुळे कोळशाला नुसतं पाप म्हणणं मला जमत नाही. त्याचे गोडवेही गाता येत नाहीत. १९७५ साली चासनाळ्याच्या खाणीत पाणी घुसून पावणेचारशेच्या आसपास माणसं बुडाली. झरियात जमिनीखाली १९१६ पासून आग धुमसते आहे. कोळसा जायलाच हवा, याबद्दल माझ्या मनात आता वाद नाही. हवेला आमचा घरगुती इतिहास कळत नाही. मला छळतो तो पुढचा प्रश्न: जाताना हिशेब कोण चुकता करणार?

ग्लासगोच्या २०२१ च्या परिषदेत शेवटच्या घटकेला भारताच्या आग्रहावरून कोळसा 'बंद करण्या'ऐवजी 'कमी करण्या'चा शब्द आला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं. लंडनमध्ये १८८२ साली कोळशाची वीज सुरू झाली आणि ब्रिटनमधलं शेवटचं कोळसाकेंद्र बंद पडलं ते सप्टेंबर २०२४ मध्ये. ज्यांनी एवढी वर्षं धूर सोडला, त्यांनी आम्हाला घाई करू नये. युक्तिवाद रास्त आहे. पण आपण दारात उभं राहून जगाकडे जो न्याय मागतो, त्याला घरात किती येऊ देतो?

चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची एक वीजवाहिनी आहे. दीड हजार मेगावॉटची, १९९९ च्या सुमारास सुरू झालेली. ती एकदिश विजेची आहे; एका टोकाला वीज चढते, दुसऱ्या टोकाला उतरते, मध्ये कुणाला हात लावता येत नाही. २००५ च्या आसपास ग्रामीण महाराष्ट्रात दहा-दहा, बारा-बारा तास भारनियमन होतं. त्या काळात या तारांखालच्या शेतात कंदील लावून जेवणाऱ्या माणसाला आपण 'विकासाचा वाटेकरी' म्हणत होतो. तंत्रज्ञानाच्या दृष्टीनं यात काही चूक नाही. नीतीच्या दृष्टीनं मात्र मला याहून नेमकं चित्र सापडलेलं नाही.

सूर्य आला म्हणून हे आपोआप बदलेल, असं मीही धरून चाललो होतो. मग पावगड्याला गेलो. तुमकुरू जिल्ह्यातला हा दुष्काळी तालुका. पाच गावांच्या सुमारे १३,००० एकरांवर २,०५० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा आहे. जमीन विकत न घेता भाड्यानं घेतली, एकरी वर्षाला २१,००० रुपयांपासून सुरुवात, पुढे ठरावीक वाढ. भुईमूग दर दुसऱ्या वर्षी करपायचा, तिथे हे भाडं म्हणजे देवच पावला. योजना शहाणपणाची आहे, हे मान्य करायला हवं. पण भाडं सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळतं (तिकडे त्याला पहाणी म्हणतात). त्या भुईमुगात निंदणी-काढणी करणाऱ्या भूमिहीनाचं नाव कोणत्याच कागदावर नव्हतं. पीक गेलं, तशी त्याची मजुरीही गेली. उरलं ते काचा धुणं, गवत कापणं, पहारा. बाबांचा प्रश्न तिथे मला कुंपणाच्या जाळीतून पुन्हा ऐकू आला.

अशा माणसांसाठी आपल्याकडे 'भरपाई' हा शब्द आहे. मला तो अपुरा वाटतो. भरपाईत लक्ष हरलेल्याकडे असतं. त्याचं किती गेलं ते मोजायचं, आणि ते त्यानंच सिद्ध करायचं. कागद नसला की नुकसानही नाही. 'ऋण' म्हटलं की नजर घेणाऱ्याकडे वळते. मला काय मिळालं, कुणाकडून, हे मी सांगायचं. खाण बंद झाली की कायम कामगाराची बदली होते. कंत्राटी मजूर, ट्रकवर ताडपत्री बांधणारा पोरगा, फाटकासमोरची चहावाली यांच्यासाठी बदलीचा हुकूम निघत नाही. कोळशावर रॉयल्टी असते, २०१५ पासून तिच्या जोडीनं जिल्ह्याच्या खनिज निधीतही पैसे पडतात. सूर्यावर रॉयल्टी नाही, असूही नये. पण मग त्या जिल्ह्याचं उत्पन्न कुठून येणार, हे ठरवण्याची जबाबदारी वीज वापरणाऱ्यांची आहे.

कुणी म्हणेल, टांगेवाल्यांचं ऋण कुणी फेडलं? गिरणी कामगारांचं? १९८२ च्या संपानंतर गिरणगावाच्या जमिनींवर काय उभं राहिलं ते आपण पाहतोच. एकदा बुडवलेलं देणं ही पुढचं बुडवण्याची सबब होत नाही.

माझा स्वतःवरही संशय आहे. कामगारांचा हा कळवळा कोळसा रेंगाळत ठेवायला फार सोयीचा आहे. खाण बंद करायचं म्हटलं की ज्यांना मजूर आठवतो, त्यांना मजुरी वाढवायच्या वेळी तो आठवत नाही. म्हणून फेड होईपर्यंत कोळसा थांबवू नका, असं मी म्हणणार नाही. आणि कोळसा थांबला की फेडीचं पाहू, हेही मला मान्य नाही.

२०२५ मध्ये देशाच्या वीजक्षमतेतला बिगर-जीवाश्म वाटा निम्म्यावर पोचला, ही बातमी मी बाबांना वाचून दाखवली. प्रत्यक्ष विजेतला जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग अजून कोळशाचाच आहे, हेही सांगितलं. सूर्य मावळला होता. आमच्या पॅनेलांचं काम संपून मीटर बाहेरची वीज घेऊ लागला होता. भद्रावती तालुक्यातल्या बरांजच्या खाणी कर्नाटकाच्या वीजनिगमाकडे आहेत, तिथला कोळसा बळ्ळारीच्या केंद्रासाठी निघतो, हे बाबांना माझ्या आधीपासून ठाऊक होतं.

आईनं स्वयंपाकघरातला दिवा लावला. बाबा त्याच्याकडे बघत म्हणाले, "आता हे आपल्याच इकडलं जळून राह्यलं." आणि उठून, कुणी नसलेल्या खोलीतला पंखा बंद करून आले.