खऱ्या नोंदी

एकांतात माणूस कोणापाशी प्रामाणिक असतो? ‘टिनमथ इलेक्ट्रॉन’ या नौकेची हकीकत हा प्रश्न टोकाला नेते. एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या १९६८ मधील स्पर्धेसाठी ही ४० फुटी, तीन सांगाड्यांची शिडाची नौका बांधण्यात आली आणि अपुऱ्या तयारीनिशी ३१ ऑक्टोबरला इंग्लंडहून निघाली. दक्षिण महासागरात ती टिकणार नाही, हे डोनाल्ड क्राउहर्स्टला लवकरच उमगले. परंतु माघार म्हणजे कर्ज आणि मानहानी. तेव्हा तो अटलांटिकमध्येच रेंगाळला व बिनतारी संदेशांतून खोटी प्रगती कळवू लागला.

खोट्या मार्गाला एक दिवस खऱ्या मार्गाशी येऊन मिळायचे, तर आपले खरे स्थान त्याला अचूक ठाऊक असणे भाग होते. म्हणजे असत्य सांगणाऱ्याची सत्यापासून सुटका होत नाहीच. उलट ते त्याला अधिक काटेकोरपणे सांभाळावे लागते. हा भार त्याला पेलला नाही. १० जुलै १९६९ रोजी नौका निर्मनुष्य सापडली.

त्याच स्पर्धेत, मुंबईत बांधलेल्या सागवानी ‘सुहैली’तून ३१२ दिवसांत परतलेल्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनने ५,००० पौंडांचे पारितोषिक क्राउहर्स्टच्या कुटुंबीयांना दिले. या दानात निवाडा नव्हता. समुद्रावरचे एकटेपण जाणणाऱ्याची करुणा होती.

क्राउहर्स्टच्या खऱ्या नोंदी नौकेतच मिळाल्या. त्या त्याला समुद्रात टाकता आल्या असत्या. त्याने टाकल्या नाहीत. त्याच्या अपराधाचा विचार करताना एवढी गोष्ट आपण जमेस धरली पाहिजे.